लेनर्ड हॉवेल आणि रास्ताफारी पंथाची सुरुवात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेगे ऐकणारे, कॅरिबियनचा इतिहास वाचणारे आणि ‘जमैकात गांजाला गांजाच का म्हणतात’ या कुतूहलातून इकडे वळलेले वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात आहे, अवघड प्रश्न शेवटाकडे आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून मधूनमधून दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लेनर्ड हॉवेल म्हणजे कोण? मी हे नाव कधीच ऐकलेले नाही.

लेनर्ड पर्सिव्हल हॉवेल (१८९८–१९८१) हे जमैकातले प्रचारक. इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी हेच परत आलेले मसीहा आहेत, आणि जमैकातल्या काळ्या माणसाचा राजा लंडनमध्ये नसून अदिस अबाबात आहे, असे त्यांनी १९३३ पासून जाहीर सभांतून सांगायला सुरुवात केली. त्यासाठी ते तुरुंगात गेले आणि वेड्यांच्या इस्पितळातही. पुढे डोंगरावर त्यांनी शेकडो लोकांची एक वस्ती उभी केली आणि ती पोलिसांनी मोडून काढली.

नाव ऐकलेले नसेल तर त्यात तुमचा काही दोष नाही. जमैकातसुद्धा कित्येक वर्षे ते फारसे कोणी घेत नसे. रास्ताफारी म्हटले की जटा, ढोल आणि बॉब मार्ली डोळ्यांसमोर येतात. सूट-टाय घातलेला, आखूड केसांचा हा माणूस त्या चित्रात बसत नाही.

२. ‘रास्ताफारी’ या शब्दाचा अर्थ काय?

‘रास’ ही इथिओपियातली सरदारकीची मोठी पदवी आणि ‘तफारी’ हे व्यक्तीचे नाव. रास तफारी मकोनन यांचा २ नोव्हेंबर १९३० रोजी अदिस अबाबात राज्याभिषेक झाला, तेव्हा त्यांनी हैले सेलासी हे नाव घेतले. त्याचा अर्थ ‘त्रैक्याची शक्ती’. भक्तांनी मात्र आधीचेच नाव धरून ठेवले आणि पंथाला तेच नाव पडले.

एक सूचना. ‘रास्ताफारियनिझम’ हा शब्द बऱ्याच रास्ता मंडळींना खटकतो. ‘इझम’ म्हणजे दुसऱ्यांनी लादलेली चौकट, अशी त्यांची भावना आहे. ‘रास्ताफारी’ एवढे म्हटले तरी पुरते.

३. हॉवेल मूळचे कुठले? परदेशात काय करत होते?

जमैकाच्या क्लॅरेंडन पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे साधारण आपला जिल्हा) मे क्रॉल नावाच्या डोंगराळ भागात १६ जून १८९८ रोजी त्यांचा जन्म झाला. दहा भावंडांत ते थोरले. वडील शेती करत आणि शिवणकामही करत. घर अँग्लिकन चर्चचे.

किशोरवयातच ते पनामाला गेले. तेव्हा जमैकाची हजारो माणसे कालव्याच्या कामासाठी आणि केळीच्या मळ्यांवर मजुरीसाठी मध्य अमेरिकेत जात होती. पुढे अमेरिकेच्या लष्करी वाहतुकीच्या जहाजांवर ते स्वयंपाकी होते. विसाच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये स्थिरावल्यावर हार्लेममध्ये त्यांनी चहाचे दुकान चालवले. त्या काळचे हार्लेम म्हणजे काळ्या जगातल्या सगळ्या विचारांचा बाजार होता. काळ्यांच्या एकजुटीचे जमैकन नेते मार्कस गार्वी यांची संघटना, कम्युनिस्ट, मंत्रतंत्रवाले, आफ्रिकेला परत जाऊ म्हणणारे, सगळे तिथे एकाच रस्त्यावर बोलत. हॉवेल यांचे खरे शिक्षण त्या रस्त्यावर झाले असे मला वाटते. १९३२ च्या अखेरीस ते जमैकात परतले.

४. परत आल्यावर ते नेमके काय सांगत होते आणि लोकांना ते का पटले?

जानेवारी १९३३ मध्ये किंगस्टनच्या रिडेम्प्शन ग्राउंडवर त्यांनी सभा घेतली. शहराने फारशी दाद दिली नाही. मग ते बेटाच्या पूर्व टोकाला, सेंट थॉमस पॅरिशमध्ये गेले. एप्रिल १९३३ मध्ये ट्रिनिटीव्हिल गावातल्या सभेला सुमारे दोनशे माणसे होती, अशी नोंद पोलिसांनी केली. तिथे त्यांचे बोलणे रुजले.

सेंट थॉमसच का, हे समजायला थोडे मागे जावे लागते. जमैकातली गुलामगिरी १८३८ मध्ये पुरती संपली, पण जमीन मळेवाल्यांकडेच राहिली. १८६५ मध्ये याच पॅरिशमधल्या मोरंट बे गावी पॉल बोगल या बाप्टिस्ट डीकनच्या (चर्चच्या सेवकाच्या) नेतृत्वाखाली गरीब शेतकरी कोर्टावर चालून गेले. गव्हर्नरने लष्करी कायदा पुकारला, चारशेहून अधिक माणसे मारली गेली आणि बोगल यांना फाशी झाली. हॉवेल तिथे पोहोचले तेव्हा ज्यांच्या आजोबांनी ते डोळ्यांनी पाहिले होते अशी घरे गावागावांत होती. शिवाय आफ्रिकेतून करारावर आणलेल्या मजुरांचे वंशजही या भागात होते. त्यांचे कुमिना हे ढोलाच्या तालावर पूर्वजांना बोलावण्याचे विधी चालू होते. आफ्रिका त्यांच्यासाठी पुस्तकातले नाव नव्हते.

त्यात १९३० नंतरची जागतिक मंदी. साखर आणि केळी पडून राहिली, पनामा-क्यूबाकडून माणसे हात हलवत परतली. मताचा अधिकार मालमत्तेवर होता, म्हणजे बहुतेकांना तो नव्हताच. अशा लोकांपुढे उभे राहून हॉवेल म्हणाले की जॉर्ज पाचवे तुमचे राजे नाहीत. तुमचा राजा तुमच्याच रंगाचा आहे, त्याला मुकुट चढला आहे, आणि त्या राज्याभिषेकाला खुद्द जॉर्ज राजांचा मुलगा, ड्यूक ऑफ ग्लॉस्टर, हजेरी लावून आला. ही शेवटची गोष्ट खरीच घडली होती. हॉवेल यांच्या तोंडी मात्र तिचा अर्थ ‘इंग्लंडने आपल्या राजासमोर मान तुकवली’ असा झाला. मळ्यावर गोऱ्या मुकादमासमोर रोज मान तुकवणाऱ्याला हे ऐकून काय वाटले असेल!

५. पण इथिओपियाच का? जमैकात आणलेले गुलाम तर पश्चिम आफ्रिकेतले होते ना?

होय, बहुतेक पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले. इथिओपियाशी त्यांचे रक्ताचे नाते नव्हते. नाते बायबलमधून आले. काळ्या चर्चमध्ये अडुसष्टावे स्तोत्र पिढ्यान्पिढ्या पाठ होते. इथिओपिया देवाकडे हात पसरेल, असे त्यात म्हटले आहे. त्या ग्रंथात आफ्रिकेला सन्मानाने दिलेले हे एक नाव, म्हणून ‘इथिओपिया’ म्हणजे सगळी आफ्रिका असा अर्थ रूढ झाला.

दुसरे कारण लढाईचे. १ मार्च १८९६ रोजी अडवा येथे सम्राट मेनेलिक यांच्या सैन्याने इटलीचा पराभव केला. सारी आफ्रिका युरोपने वाटून घेतली असताना हा देश स्वतंत्र उरला. आणि १९३० मध्ये नव्या सम्राटाने धारण केलेल्या बिरुदांत ‘यहूदाच्या वंशाचा विजयी सिंह’ हे शब्द होते. ‘यहूदाच्या वंशाचा सिंह’ बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात येतो. बायबल तोंडपाठ असलेल्या श्रोत्यांना पुढचे समजावून सांगावे लागले नाही.

६. सम्राटाचे फोटो एक शिलिंगला विकून त्यांनी गरिबांना फसवले, हे खरे आहे का?

फोटो विकले हे खरे. किंमत एक शिलिंग होती हेही खरे, आणि शेतमजुराच्या दिवसाच्या कमाईच्या मानाने ती मोठी रक्कम होती. सुमारे पाच हजार फोटो खपले असे सांगितले जाते. हा फोटो म्हणजे इथिओपियाला जाण्याचा पासपोर्ट आहे, असे समजून लोकांनी ते घेतले, असा आरोप त्यांच्यावर होता.

तसे कोणाला सांगितले गेले असेल तर ते चूकच, कारण त्या फोटोवर कोणी कुठल्या जहाजात चढले नाही. पण एवढ्यावर ‘भोंदू’ हा शिक्का मारणे मला पटत नाही. आपल्याकडे देव्हाऱ्यात तसबीर असते, तिचे पैसे कोणीतरी कधीतरी मोजलेलेच असतात. ज्या घरात आजवर इंग्लंडच्या राजाचे नाहीतर गोऱ्या येशूचे चित्र टांगलेले असायचे, तिथे काळ्या सम्राटाचे चित्र लागले. वसाहतीच्या सरकारने त्या चित्राची जी धास्ती घेतली (पुढचा प्रश्न पाहा), ती शिलिंगच्या हिशेबासाठी घेतलेली दिसत नाही.

७. त्यांच्यावर खटला कशासाठी झाला?

राजद्रोहासाठी. गंमत अशी की सरकारी वकिलांचा सल्ला सुरुवातीला खटला न भरण्याचा होता. खटल्याने त्या माणसाला उगाच प्रसिद्धी मिळेल, अशी त्यांना भीती होती. तोवर पोलीस सभांना बसून भाषणे उतरवून घेत राहिले. सभा वाढत गेल्या तशी भूमिका बदलली आणि हॉवेल आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हाइंड्स यांना अटक झाली.

मार्च १९३४ मध्ये खटला चालला तो मोरंट बेच्या कोर्टात. बोगल यांची माणसे ज्या गावी कोर्टावर चालून गेली होती, तेच हे गाव. हॉवेल यांनी कोर्टात बायबलचे दाखले दिले, सम्राटाचे फोटो दाखवले आणि सभांमध्ये जे बोलत तेच न्यायाधीशांपुढे बोलून दाखवले. हॉवेल यांना दोन वर्षे आणि हाइंड्स यांना एक वर्ष कैद झाली. वर्तमानपत्रांनी रोजच्या कामकाजाच्या लांबलचक बातम्या छापल्या. सेंट थॉमसमध्ये बोललेले शब्द अशा रीतीने बेटभर पोचले, म्हणजे वकिलांना जी भीती होती तेच झाले.

८. मग रास्ताफारीचे संस्थापक हॉवेलच का?

‘संस्थापक’ हा शब्द जपून वापरावा. राज्याभिषेकाच्या बातमीनंतर जमैकात निदान चार माणसे जवळपास एकाच वेळी याच निष्कर्षाला आली. हॉवेल आणि हाइंड्स यांच्याबरोबर कोस्टा रिकात अनेक वर्षे राहून आलेले जोसेफ हिबर्ट आणि फळांच्या जहाजांवर खलाशी असलेले आर्चिबाल्ड डंकली ही त्यांतली नावे. चौघांपैकी तिघे परदेशात राबून परतलेले होते.

हॉवेल यांचे वेगळेपण तीन गोष्टींत आहे. त्यांनी शहर सोडून खेड्यात पाय रोवले, त्यांच्यावरच्या खटल्याने हा विचार सगळ्या बेटाला कळला, आणि या विचारावर जगणारी वस्ती त्यांनी उभी केली (प्रश्न १३). म्हणून त्यांना ‘पहिला रास्ता’ म्हणतात. पंथाला ना एक गुरू आहे, ना एक मठ, ना एक धर्मग्रंथ. आजच्या अनेक शाखांपैकी काही शाखा हॉवेल यांना फारसे मानतही नाहीत.

९. ते मार्कस गार्वींचे शिष्य होते ना?

गार्वींच्या विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा होता, पण ‘शिष्य’ म्हणता येत नाही. गार्वी १९३३ मध्ये जमैकातच होते. त्यांच्या किंगस्टनच्या केंद्रात, एडलवाइस पार्कमध्ये, फोटो विकायला हॉवेल यांना मनाई झाली. गार्वींना संघटना, व्यापार, जहाजे, शिक्षण हवे होते, आणि सम्राटाला देव मानणे त्यांच्या विचारात बसत नव्हते. पुढे इटलीच्या आक्रमणानंतर त्यांनी हैले सेलासींवर कडक टीका केली.

‘आफ्रिकेकडे पाहा, तिथे काळ्या राजाला मुकुट चढेल तेव्हा मुक्ती जवळ आली समजा’ हे वाक्य गार्वींच्या नावावर सर्रास सांगितले जाते. त्यांच्या छापील लेखनात ते या रूपात सापडत नाही. तरीही रास्ता मंडळी गार्वींना संदेष्टा मानतात.

१०. त्यांनी ‘गांगुंगुरू मराघ’ असे नाव का घेतले? हे तर आपल्याकडचे वाटते!

वाटते, कारण आहेच. तीसच्या दशकात हॉवेल यांनी एक पुस्तिका ‘जी. जी. मराघ’ या नावाने काढली. पूर्ण नाव गांगुंगुरू मराघ. जमैकातल्या हिंदू परंपरेचा अभ्यास करणाऱ्यांनी त्याची फोड ज्ञान, गुण, गुरू आणि महाराज अशी केली आहे. ‘मराघ’ हे जमैकातल्या भारतीयांत आजही आढळणारे आडनाव, ‘महाराज’चेच तिकडे घडलेले रूप.

१० मे १८४५ रोजी ‘ब्लंडेल’ नावाचे जहाज पहिल्या भारतीय गिरमिटियांना (करारावर नेलेल्या मजुरांना) घेऊन जमैकाच्या ओल्ड हार्बर बे येथे लागले. ही भरती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत चालली आणि छत्तीस हजारांहून अधिक माणसे तिकडे नेली गेली. उसाच्या आणि केळीच्या मळ्यांत ती काळ्या मजुरांच्या शेजारी राबली. क्लॅरेंडन आणि सेंट थॉमस, म्हणजे हॉवेल यांचे जन्मस्थान आणि कर्मभूमी, दोन्हीकडे अशा वस्त्या होत्या. देव माणसाच्या रूपात अवतार घेतो, तो आज आपल्यात जिवंत असू शकतो, ही कल्पना ख्रिस्ती चर्चमध्ये वाढलेल्या माणसाला परकी होती आणि शेजारच्या बराकीतल्या हिंदूला रोजची. हॉवेल यांनी ती तिथूनच उचलली असे काही अभ्यासक मांडतात. जटा, चिलीम आणि मांसाहार टाळणे यांचाही माग ते साधूंकडे लावतात.

माझे मत विचाराल तर नाव आणि शब्दांचा पुरावा पक्का आहे. बाकीच्या गोष्टींना बायबलमधूनही आधार सापडतो (जटांसाठी प्रश्न १५), म्हणून ‘रास्ताफारी मुळात हिंदूच’ असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण नावच घ्यायचे ठरवल्यावर एका काळ्या प्रचारकाला ‘रेव्हरंड’ किंवा ‘बिशप’ नको वाटले आणि गिरमिटियांच्या तोंडचे ‘गुरू’ आणि ‘महाराज’ हवे वाटले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मळ्यांवर दोन्ही समाजांना एकमेकांविरुद्ध वापरले जात होते.

११. त्या गिरमिटियांत मराठी माणसे होती का?

जमैकाला जाणारी जहाजे मुख्यतः कोलकात्याहून सुटत. माणसे बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची, भोजपुरी-अवधी बोलणारी. मराठी गिरमिटिये गेले ते मुंबई बंदरातून मॉरिशसला. तेव्हा हॉवेल यांच्या ‘महाराज’चा उगम मराठीत शोधू नये.

१२. त्यांची पुस्तिका दुसऱ्याची चोरी होती, असे वाचले. आणि त्यांनी गोऱ्यांचा द्वेष शिकवला हे खरे का?

दोन वेगळे प्रश्न आहेत, पण ते बहुधा जोडीनेच येतात.

‘द प्रॉमिस्ड की’ ही पातळ पुस्तिका १९३५ च्या सुमारास निघाली. तिच्यातला मोठा भाग फिट्झ बॅलिंटाइन पीटर्सबर्ग यांच्या १९२६ मधल्या ग्रंथातून जवळपास जसाच्या तसा उचललेला आहे. पीटर्सबर्ग यांचे नाव न देणे हा अन्यायच. फरक एक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. मूळ ग्रंथात जिथे लेखक स्वतःला आणि आपल्या पत्नीला राजा-राणी म्हणवतो, तिथे हॉवेल यांनी हैले सेलासी आणि सम्राज्ञी मेनेन यांना बसवले.

द्वेषाबद्दल. हॉवेल यांच्या शिकवणीची म्हणून सहा तत्त्वे अभ्यासकांनी नोंदवली आहेत. त्यांत गोऱ्या वंशाचा द्वेष, काळ्यांचे श्रेष्ठत्व, गोऱ्यांच्या दुष्टपणाचा सूड, जमैकाच्या सरकारचा अव्हेर, आफ्रिकेला परतण्याची तयारी आणि हैले सेलासींना परमेश्वर मानणे, असे सगळे येते. हे सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. त्यांची भाषा जहाल होती. पण हेही सांगितले पाहिजे की ही यादी बाहेरच्यांनी केलेली आहे, आणि हॉवेल यांच्या लोकांनी गोऱ्यांवर हल्ले केल्याचा इतिहास नाही. आजच्या बहुतेक रास्ता शाखांनी सूड आणि वंशश्रेष्ठत्व मागे टाकले आहे.

१३. पिनॅकल म्हणजे काय?

या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

१९४० मध्ये हॉवेल आणि त्यांच्या एथिओपियन सॅल्व्हेशन सोसायटीने सेंट कॅथरिन पॅरिशमध्ये, स्लायगोव्हिलजवळच्या डोंगरावर एक जुनी मळ्याची जमीन मिळवली. ती चारशे एकरांहून मोठी होती. स्लायगोव्हिलला स्वतःचा इतिहास आहे. जेम्स फिलिपो या बाप्टिस्ट पाद्र्याने १८३५ मध्ये तिथे जमीन घेऊन मुक्त होणाऱ्या गुलामांसाठी गाव वसवले, जमैकातले पहिले ‘मुक्त गाव’. शंभर वर्षांनी त्याच डोंगररांगेत हे दुसरे उभे राहिले.

किती माणसे राहत होती याचे अंदाज पाचशेपासून सोळाशेपर्यंत आहेत. ती याम (एक कंद) आणि कडधान्ये पिकवत, कोळसा पाडत आणि माल खाली बाजारात नेऊन विकत. बेकरीचा धंदाही सोसायटीने केला. गांजाही पिकवला जाई (प्रश्न १४). रात्री कुमिनाचे ढोल वाजत. वरच्या टेकाडावरच्या जुन्या मोठ्या घरात हॉवेल राहत आणि लोक त्यांना ‘गॉंग’ म्हणत, ‘गांगुंगुरू’चे लाडके रूप.

विचार करा. या लोकांच्या चार पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर राबल्या होत्या. आता ते स्वतःच्या डोंगरावर स्वतःचा याम खणत होते. इथिओपियाला जहाज आले नाही हे खरे, पण घर, शेत आणि भाकरी जमैकातच मिळाली. हॉवेल यांचे सगळे प्रवचन एका तागडीत आणि पिनॅकलची ती वर्षे दुसऱ्या तागडीत ठेवली, तर माझ्या लेखी दुसरी जड आहे.

सगळे गोड होते असे नाही. सत्ता एकाच माणसाच्या हाती होती. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी मारहाणीच्या आणि धमक्यांच्या तक्रारी केल्या. सरकारला कर देऊ नका असे पिनॅकलचे लोक सांगतात, असेही त्यांचे म्हणणे होते. जुलै १९४१ मध्ये पोलिसांनी धाड घालून सुमारे सत्तर जणांना पकडले. हॉवेल काही दिवसांनी सापडले आणि त्यांना पुन्हा दोन वर्षांची शिक्षा झाली. सुटल्यावर ते परत डोंगरावर गेले आणि वस्ती आणखी दहा वर्षे टिकली.

१४. पिनॅकल म्हणजे गांजाचा मळाच होता ना?

गांजा तिथे होता आणि नगदी पीक म्हणून होता. जमैकात त्यावर बंदी १९१३ पासून होती, म्हणजे कायदा मोडला जात होता यात वाद नाही. गांजा रोजच्या वापरात आधीपासून होता. तो भारतीय मजुरांबरोबर आला आणि शब्दही त्यांच्याबरोबरच, इतका की जमैकाच्या कायद्यातही ‘गांजा’ हाच शब्द आहे. पण याम, कडधान्ये आणि कोळसा विसरून फक्त गांजा लक्षात ठेवणे म्हणजे पोलिसांच्या पंचनाम्यालाच इतिहास मानणे.

२०१५ मध्ये जमैकाने कायदा बदलला. दोन औंसांपर्यंत गांजा बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहिला नाही आणि रास्ताफारींना धार्मिक वापराची मुभा मिळाली. हॉवेल तेव्हा जाऊन चौतीस वर्षे झाली होती. आपल्याकडचा कायदा वेगळा आहे, जमैकाचा दाखला इथे चालणार नाही.

१५. हॉवेल यांना जटा होत्या का?

नव्हत्या. सुरुवातीचे प्रचारक बहुतेक दाढी राखत, जटा नाही. पिनॅकलच्या राखणदारांपैकी काहींनी केस वाढवले होते असे सांगतात. जटांचा प्रघात किंगस्टनमधल्या तरुण, कडव्या गटांत १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून पसरला. आधार बायबलमधल्या नाझीर व्रताचा, ज्यात डोक्याला वस्तरा लावायचा नसतो. साधूंच्या जटांचा प्रभाव सांगणारे मत प्रश्न १० मध्ये आले आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असायला हरकत नाही.

१६. ते खरेच वेडे होते का? इस्पितळात का ठेवले?

१९३८ मध्ये त्यांना किंगस्टनच्या बेलव्ह्यू या मनोरुग्णालयात टाकण्यात आले. ते साल महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी फ्रोमच्या साखर कारखान्यापासून सुरू झालेले मजुरांचे संप आणि दंगे बेटभर पसरले. जमैकात ही रीत जुनी होती. ऑगस्ट टाउनचे अलेक्झांडर बेडवर्ड, हजारो गरिबांचे प्रचारक, १९२१ मध्ये असेच इस्पितळात गेले आणि १९३० मध्ये तिथेच वारले. रॉबर्ट हाइंड्स हे आधी बेडवर्ड यांचेच अनुयायी.

मला सर्वांत खुपते ते वेगळेच. १९३९ मध्ये हॉवेल यांना इस्पितळात ठेवा, असे सरकारला लिहिणाऱ्यांत कामगार नेते अलेक्झांडर बुस्टामांटे होते. हे पुढे स्वतंत्र जमैकाचे पहिले पंतप्रधान झाले. गरिबांचाच एक नेता दुसऱ्याबद्दल हे लिहीत होता.

१९६० मध्ये हॉवेल यांना पुन्हा इस्पितळात ठेवले गेले. इतक्या दुरून कोणाच्या मनाचे निदान करू नये. पण राजाला राजा न मानणे हे वेडाचे लक्षण ठरवणारे कोण होते, हे नीट पाहावे.

१७. पिनॅकलचा शेवट कसा झाला?

मे १९५४ मध्ये पोलिसांनी मोठी धाड घातली. शंभराहून अधिक माणसे पकडली गेली, झोपड्या आणि पिके उद्ध्वस्त झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत वस्ती विस्कटली. माणसे किंगस्टनच्या पश्चिमेकडच्या झोपडपट्ट्यांत गेली, विशेषतः बॅक-ओ-वॉलमध्ये. ती वस्तीही १९६६ मध्ये बुलडोझरने पाडली. डोंगरावरचा विचार त्यामुळे शहराच्या गल्ल्यांत उतरला. पुढे जे संगीत जगभर गेले ते याच गल्ल्यांतले.

१८. बॉब मार्लींशी त्यांचा काही संबंध होता का?

दोघांच्या प्रत्यक्ष मैत्रीबद्दल बरेच काही सांगितले जाते. त्यातले काहीच मी इथे देत नाही. मार्लींचे टोपणनाव आणि त्यांच्या कंपनीचे नाव ‘टफ गॉंग’. ‘गॉंग’ हे हॉवेल यांचे नाव होते, आणि अनेक रास्ता मंडळी हा धागा जोडतात. योगायोग असा की हॉवेल १९८१ च्या सुरुवातीला गेले आणि मार्ली त्याच वर्षी ११ मे रोजी. मार्लींना सरकारी इतमामात निरोप मिळाला. हॉवेल यांच्या जाण्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

गोव्याच्या किनाऱ्यावर लाल-पिवळ्या-हिरव्या टोप्या पाहून हा प्रश्न विचारणारेही आहेत. ते रंग इथिओपियाच्या झेंड्याचे.

१९. स्वतः हैले सेलासींना हे मान्य होते का?

नाही. ते इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चचे श्रद्धाळू ख्रिस्ती होते. आपण मर्त्य माणूस आहोत, असे त्यांनी १९६७ मध्ये एका मुलाखतीत स्पष्ट सांगितले. तरी २१ एप्रिल १९६६ रोजी ते किंगस्टनला उतरले तेव्हा विमानतळावर एवढी गर्दी लोटली की काही वेळ त्यांना विमानातून उतरता आले नाही. त्यांनी रास्ता मंडळींना झिडकारले नाही. इथिओपियातल्या शाशामाने येथे पश्चिमेकडच्या काळ्या लोकांसाठी त्यांनी १९४८ मध्ये जमीन दिली होती. तिथे आजही काही रास्ता कुटुंबे राहतात.

इथे एक अवघड गोष्ट आहे. याच सम्राटाच्या राज्यात १९७३ मध्ये वोलो प्रांतात भीषण दुष्काळ पडला आणि दरबाराने तो झाकून ठेवला. पुढच्या वर्षी लष्कराने त्यांना पदच्युत केले आणि २७ ऑगस्ट १९७५ रोजी नजरकैदेत त्यांचा अंत झाला. हॉवेल यांच्या श्रोत्यांचा राजा आणि इथिओपियाच्या शेतकऱ्याचा राजा, हे दोन वेगळे अनुभव होते. एकाने दुसरा पुसला जात नाही.

२०. जमैका सरकारने कधी चूक कबूल केली का?

२०१७ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली, ती १९६३ मध्ये कोरल गार्डन्स येथे रास्ताफारींवर झालेल्या अत्याचारांची. ती पिनॅकलची नव्हती. २०२२ मध्ये हॉवेल यांना मरणोत्तर ‘ऑर्डर ऑफ डिस्टिंक्शन’ हा राष्ट्रीय सन्मान जाहीर झाला. राजद्रोहाच्या शिक्षेनंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी. पिनॅकलच्या जमिनीच्या मालकीचा वाद मात्र कोर्टात गेला, आणि बऱ्याच जागेवर घरांचे प्लॉट पडले.

२१. वेगवेगळ्या ठिकाणी त्यांच्याबद्दल वेगवेगळे का लिहिलेले असते? कशावर विश्वास ठेवावा?

कारण त्यांच्याबद्दलच्या जुन्या नोंदी मुख्यतः तीन हातांनी लिहिल्या. पोलिसांच्या, वर्तमानपत्रांच्या आणि खूप नंतर आलेल्या अभ्यासकांच्या. त्यांच्या लोकांच्या आठवणी टिपायला कोणी गेले तोवर बरेच जण गेलेले होते.

एक नमुना देतो. हॉवेल १८९६ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या अशांती राज्याविरुद्धच्या युद्धात लढले होते, असे पूर्वी छापले गेले आणि अजूनही कुठेकुठे दिसते. त्यांचा जन्म १८९८ चा. ही कथा त्यांनी स्वतः सांगितली, अनुयायांनी वाढवली की ऐकणाऱ्याने घोळ घातला, काहीही असो, युद्ध झाले तेव्हा ते जन्मलेच नव्हते. म्हणून तारीख दिसली की आधी दुसऱ्या तारखेशी ताडून पाहावी.

मी सर्वाधिक भरवसा ठेवतो तो १९३४ च्या खटल्याच्या वार्तांकनावर. ते विरोधकांनीच छापले होते, हॉवेल यांची बाजू सावरायची कोणालाच गरज नव्हती. तरीही त्यात पिंजऱ्यात उभा असलेला, बायबल हातात धरून न्यायाधीशांना इथिओपियाच्या राजाचा फोटो दाखवणारा माणूस दिसतो.